कर्ता, कर्म आणि अपघात

प्रस्तावना

फारसी ही ज्यांची मातृभाषा आहे अशा विद्यार्थ्यांना अपघातविषयक इंग्रजी शब्द शिकविण्याकरिता रचलेल्या एका लहानशा पुस्तिकेला मराठी प्रस्तावना जोडण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात उद्भवेल आणि तो उद्भवणे रास्तच आहे. त्याचे सरळ उत्तर असे, की पुण्याच्या महाविद्यालयांत गेली अनेक दशके इराणी विद्यार्थी शिकावयास येत आले आहेत, प्रस्तुत पुस्तिका त्यांच्याच गरजेतून पुण्यातच सिद्ध झाली आहे, आणि ती हाती धरून त्यांना शिकविणारे शिक्षक बहुशः मराठी आहेत. परंतु याहून निराळे असेही एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच मुख्य होय. रस्त्यावर मनुष्य जखमी होऊन पडतो, हवालदार येतो, पंचनामा होतो, जबानी घेतली जाते, कसूर कोणाची याची चौकशी होते, नुकसानीची रक्कम ठरते आणि विम्याचे दस्तऐवज तयार होतात, एवढे एकच वाक्य मराठीत लिहू गेले, तरी त्यात जखमी, हवालदार, जबानी, कसूर, नुकसान, रक्कम, दस्तऐवज इतके शब्द फारसीच्या वाटेने आलेले आढळतात, 'पंचनामा' या शब्दाचा अर्धा देह फारसी निघतो, आणि 'विमा' तर इराणात आजही 'बीमे' या नावाने ओळख देतो. शिवकाळी राज्यव्यवहारकोश रचवून असल्या शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा मोठा उद्योग झाला. त्याने दरबारी लेखनाचे वळण पुष्कळसे पालटले, पण चावडीवरची आणि कचेरीतली बोली आपल्या सवयीने चालतच राहिली. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे आपल्या माधव जूलियनांनी, १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला, तेव्हा या जुन्या सोयरिकीची रीतसर नोंद झाली. सारांश, अपघात या विषयापुरते बोलायचे तर फारसी आणि इंग्रजी यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करण्यास मराठी मनुष्य अगदीच अनधिकारी नाही.

तथापि ही सोयरीक जितकी उपकारक तितकीच फसवी आहे, हे मला ज्या प्रसंगाने शिकविले तो येथे सांगणे अवश्य आहे. कित्येक वर्षांपूर्वी माझ्याकडे इंग्रजी शिकणारा एक इराणी तरुण स्कूटरवरून पडला. हाताचे कोपर सोलले, स्कूटरचा पुढचा दिवा फुटला आणि एका रिक्षाची मागची बाजू चेपली. जमलेल्या गर्दीतून वाट काढीत आलेल्या हवालदाराने त्यास विचारले, "तक्रार द्यायची आहे का?" मराठीचा गंधही नसलेल्या त्या तरुणास एवढ्या वाक्यात एकच शब्द ओळखीचा वाटला, तो 'तक्रार', पण फारसीत 'तेकरार' म्हणजे पुनरावृत्ती. आपणास घडलेली हकीकत पुन्हा सांगावयास फर्माविले आहे असे समजून त्याने ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत आरंभापासून सांगितली. हवालदाराने पुन्हा तेच विचारले, त्याने पुन्हा तीच सांगितली, आणि तिसऱ्या खेपेस, "हा पोरगा एवढे तेच तेच का सांगतो आहे?" असा प्रश्न हवालदाराने गर्दीलाच केला. शब्द एकच होता, उच्चारही जवळजवळ एकच होता, परंतु शतकांच्या प्रवासात एकाच्या मुलखात तो गाऱ्हाणे झाला होता आणि दुसऱ्याच्या मुलखात उजळणी.

प्रकरण एवढ्यावर थांबले असते तर मी ते केवळ विनोद म्हणून सांगितले असते. पुढे तो तरुण एका विमा कचेरीत गेला. तेथे मिळालेल्या छापील इंग्रजी अर्जावर अपघात कसा घडला ते थोडक्यात लिहावे असा रकाना होता, आणि त्यात त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले, 'आय डिड ॲन ॲक्सिडेंट विथ ए रिक्षा'. टेबलामागच्या वयस्क कारकुनाने चष्मा कपाळावर सारून ते वाक्य दोनदा वाचले, आणि सोबत गेलेल्या मजकडे वळून ते हलक्या आवाजात म्हणाले, "अहो मास्तर, हा तर कबुलीजबाब झाला. यांना दुसरा कागद घेऊन बसवा." आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो, मी त्याचे वाक्य खोडून त्याजागी माझे वाक्य घातले, 'माय स्कूटर अँड ए रिक्षा कोलायडेड', आणि या निर्दोष, निष्पक्षपाती रचनेबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. त्या वाक्याकडे मला या प्रस्तावनेच्या शेवटी परत यावयाचे आहे.

फारसीभाषकाने 'आय डिड' असे का लिहावे, याचे कारण त्याच्या अज्ञानात शोधणे अन्यायाचे होईल. ते त्याच्या भाषेच्या घडणीत आहे. अपघातास फारसीत सर्वसाधारण शब्द 'तसादोफ', आणि त्याचे क्रियापद 'तसादोफ कर्दन', म्हणजे शब्दशः 'अपघात करणे'. पण हे 'करणे' नुसते साहाय्यक आहे. आपण 'मी प्रवास केला' किंवा 'मी विचार केला' म्हणतो तसे. लाल दिव्यापाशी मुकाट्याने उभा असलेला, मागून आलेल्या मोटारीने ज्यास ठोकरले असा निरपराध मनुष्यही इराणात घरी जाऊन 'तसादोफ कर्दम' असेच म्हणेल, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणीही त्यास दोषी समजणार नाही. मराठीची तऱ्हा याच्या अगदी उलट आहे. आपल्याकडे अपघात कोणी करीत नाही, तो 'होतो'. 'माझा अपघात झाला' या वाक्यात मनुष्य षष्ठी विभक्तीत जाऊन बसतो आणि कर्तेपण खुद्द अपघाताकडे सोपवितो. इंग्रजी या दोहोंच्या मधून चालते. तेथे मनुष्यापाशी अपघात 'असतो', ताप किंवा पाहुणे असावेत तसा. आपण भारतीय मंडळी मात्र इंग्रजीत 'मेट विथ ॲन ॲक्सिडेंट' असे हौसेने लिहितो, जणू काय तो वाटेत भेटलेला गृहस्थच. आणि गंमत अशी, की 'तसादोफ' या मूळ अरबी शब्दाचा आद्य अर्थ नेमका हाच आहे, अकस्मात गाठ पडणे.

ही केवळ व्याकरणाची कसरत नव्हे. एखादा मनुष्य वाहनाच्या चाकांखाली येतो तेव्हा इंग्रज म्हणतो 'रन ओव्हर', म्हणजे गाडी त्याच्या अंगावरून गेली. इराणी म्हणतो 'झीर गेरेफ्त', म्हणजे गाडीने त्यास आपल्या खाली घेतले. मराठी मनुष्य म्हणतो, 'तो गाडीखाली सापडला'. प्रसंग एकच आहे. परंतु पहिल्याने वरून पाहिले, दुसऱ्याने खालून पाहिले, आणि तिसऱ्याने गाडीस कर्तेपणातून मुक्त करून सापडण्याची सारी क्रिया मेलेल्या माणसाकडेच सोपविली. त्याचप्रमाणे ब्रेक निकामी झाला तर फारसीत 'तोर्मोझ बोरीद' म्हणतात, शब्दशः 'ब्रेक कापला'. आणि हे जसेच्या तसे इंग्रजीत नेऊन कोणी 'द ब्रेक्स वेअर कट' असे लिहिले, तर वाचणाऱ्या इंग्रज अंमलदारास त्यात घातपाताचा वास येऊन तो कापणाऱ्याचा शोध सुरू करील. शब्दकोशात 'ब्रेक'पुढे 'तोर्मोझ' आणि 'कट'पुढे 'बोरीदन' अचूक छापलेले असते. चूक शब्दाची नसते, दोषाच्या वाटणीची असते. प्रत्येक भाषेने मनुष्य, यंत्र आणि दैव यांच्यात अपराधाच्या वाटण्या फार पूर्वीच करून ठेवलेल्या आहेत, आणि परभाषेत अपघाताची हकीकत सांगावयास शिकणे म्हणजे वस्तुतः त्या वाटणीपत्राचा नवा मसुदा समजून घेणे होय. या पुस्तिकेचे सर्व महत्त्व मला याच एका गोष्टीत दिसते.

इराणात मोटारीबरोबर तिची भाषा कोणत्या मार्गांनी आली, हेही शिक्षकाने थोडेबहुत जाणले पाहिजे. मुझफ्फरुद्दीन शाहाने १९०० सालच्या युरोपयात्रेत मोटार खरेदी केली, आणि पुढच्या पाव शतकात तेहरानच्या रस्त्यांवर घोडागाडी व मोटार यांची गाठ पडू लागली. १९२६ सालच्या नोव्हेंबरात दरवीश खान हे थोर तारवादक रात्री घोडागाडीतून जात असता मोटारीच्या धडकेने मरण पावले. इराणात मोटारीने घेतलेल्या अगदी पहिल्या बळींत त्यांची गणना होते. त्यानंतर ४० वर्षांनी, १९६७ च्या फेब्रुवारीत, फोरूग फर्रोखजाद ही आधुनिक फारसी कवितेतील प्रखर प्रतिभेची स्त्री वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तेहरानातच मोटार-अपघातात गेली. 'तसादोफ' हा शब्द सुशिक्षित इराण्याच्या कानावर पडतो तेव्हा त्यामागे असल्या आठवणी उभ्या असतात.

त्या शब्दाभोवती जे इतर शब्द जमले ते मात्र एका घरचे नव्हेत. दरवीश खान ज्या घोडागाडीत बसले होते ती 'दोरोश्के' रशियाकडून आली, आणि 'तोर्मोझ' म्हणजे ब्रेकही रशियनच. मोटारीस म्हणावयाचे 'माशीन', भरवेगात घेतलेल्या वळणास 'वीराझ' आणि रबरी धावेस 'लास्तीक', ही तिन्ही फ्रेंच भाषेची देणगी. इंग्रजीच्या वाट्यास त्या मानाने थोडे आले, त्यात 'पंचर' हा आपलाही जुना स्नेही. १९६७ पासून २००५ पर्यंत इराणात तयार होत राहिलेली 'पेकान' ही मोटार मुळात इंग्रजांच्या हिलमन हंटरचा अवतार; म्हणजे मोटार इंग्रज, तिचा ब्रेक रशियन, वळण फ्रेंच, आणि नाव मात्र शुद्ध फारसी, ज्याचा अर्थ बाणाचे टोक. आपल्या पदरच्या शब्दांनाही फारसीने नवी कामे लावली. ढालीस 'सेपर' म्हणतात, तीच मोटारीच्या पुढची बंपरपट्टी झाली. आणि ज्या 'फर्मान' शब्दाने आपल्याला बादशाही मोहोर उमटविलेला हुकूम आठवतो, तो इराणी चालकाच्या हातातले सुकाणूचक्र झाला आहे. फर्मान हातचे सुटले की काय होते, हे राजेरजवाड्यांना आणि मोटारचालकांना सारखेच ठाऊक असते.

टकरींच्या प्रकारांकडे वळावे तर तिन्ही भाषांचे चित्रकौशल्य पाहून कौतुक वाटते. दोन वाहने समोरासमोर आदळली की इंग्रजी 'हेड-ऑन' म्हणते, फारसी 'शाख बे शाख' म्हणते, म्हणजे शिंगाला शिंग भिडवून, आणि आपली 'टक्कर'ही एडक्यांच्या झुंजीतूनच रस्त्यावर आलेली आहे. वाहन उलटले तर इराणी म्हणतो की त्याने 'चप' केले, म्हणजे डावे केले. एकामागून एक पाचसहा मोटारी आदळल्या तर इंग्रजास ढीग दिसतो, इराण्यास साखळी दिसते, आणि मराठी वार्ताहरास काय दिसते ते वर्णन करता न आल्यामुळे तो 'विचित्र अपघात' असा मथळा देऊन मोकळा होतो. दुरुस्तीपलीकडे गेलेल्या मोटारीस इंग्रजीत 'राइट-ऑफ' म्हणतात, कारण हिशेबाच्या वहीतून तिचे नाव खोडले जाते. फारसीत तिला 'औराक' करतात, म्हणजे मोडून सुटी पाने करतात, आणि त्या 'औराक'चे एकवचन 'वरक' आपल्याकडे बर्फीवर चांदीचा वर्ख होऊन बसलेले आहे. लोखंडाच्या एवढ्या अवजड वस्तूचा शेवट दोन्ही भाषांनी कागदावर करावा, यास योगायोग म्हणावे की कारकुनी सत्तेचा महिमा, हे वाचकाने ठरवावे. अपघातस्थळी येणारा पोलीस अंमलदारही तेथे प्रथम कागदच काढतो. वाहनांच्या स्थितीचा तो जो आराखडा रेखाटतो त्यास 'कोरोकी' हे फ्रेंच नाव आहे, त्यावरून कसूर कोणाची ते ठरते, आणि ज्याची ठरेल तो 'मोकस्सेर'. कसूर आणि मोकस्सेर यांचा धातू एकच, हे मराठी शिक्षकाने फळ्यावर लिहून दाखविले तर विद्यार्थ्याचा चेहरा परदेशात घरचे माणूस भेटल्यासारखा उजळतो.

उच्चाराची अडचण थोडक्यात सांगतो. फारसी शब्दाच्या आरंभी जोडाक्षर येत नाही. म्हणून 'क्रॅश'चा 'केराश' होतो, 'स्किड'चा 'एस्कीड', आणि 'स्मॅश'चा 'एस्माश'. दुर्दैवाने इंग्रजीतील अपघाताचे जिवंत शब्द बहुतेक जोडाक्षरानेच सुरू होतात, कारण ते आवाजाचे शब्द आहेत. आपल्या 'धाडकन'मध्ये किंवा 'करकचून'मध्ये जसा अर्थापूर्वी नाद कानावर येतो तसाच 'क्रॅश'मध्ये येतो, आणि मध्ये एक स्वर शिरला की तो आघात उशीवर पडल्यासारखा मऊ होतो. मराठी शिक्षकाने येथे पांडित्य न करता टेबलावर मूठ आपटून दाखवावी.

आता या विषयातील सर्वांत नाजूक गाठ. 'ॲक्सिडेंट' हा शब्द लॅटिनमधील पडणे या अर्थाच्या धातूपासून निघाला. जे अकल्पितपणे अंगावर येऊन पडले ते ॲक्सिडेंट. इस्पितळातील 'कॅज्युअल्टी' त्याच धातूची. फारसीतही गणिती लोक यदृच्छेने निवडलेल्या संख्येस 'तसादोफी' संख्याच म्हणतात. म्हणजे दोन्ही शब्दांच्या पोटात दैव दडलेले आहे, आणि नेमक्या याच कारणास्तव इंग्रजीभाषक जगात या शब्दाविरुद्ध गेल्या काही दशकांत मोठी फिर्याद उभी राहिली. जे टाळता आले असते त्यास दैवाचे नाव देणे हा बेदरकार चालकास दिलेला फुकटचा जामीन आहे, असा त्या फिर्यादीचा मथितार्थ. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००१ साली हा शब्द आपल्या पानांतून बहिष्कृत केला. न्यूयॉर्क पोलिसांनी २०१३ साली आपल्या तपासपथकाच्या नावातील 'ॲक्सिडेंट' काढून तेथे 'कोलिजन' बसविले. आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखनसंहितेने २०१६ साली असा सल्ला दिला, की हलगर्जीपणाचा आरोप किंवा पुरावा असेल तेथे 'ॲक्सिडेंट' टाळून 'क्रॅश' अथवा 'कोलिजन' वापरावे. 'क्रॅश' केवळ आवाज सांगतो, निवाडा करीत नाही. म्हणून आज तो अधिक प्रामाणिक मानला जातो.

पण आवाज सांगणारा शब्दही नेहमी निरपराध असतोच असे नाही. २०२० सालच्या ८ जानेवारीस तेहरानहून निघालेले युक्रेनचे प्रवासी विमान उड्डाणानंतर काही मिनिटांत नष्ट झाले आणि आतील १७६ माणसे मृत्युमुखी पडली. आरंभी अधिकृत निवेदनांत तो 'सोकूत' होता, म्हणजे पतन. यंत्रातील बिघाडाने झालेला 'क्रॅश'. तीन दिवसांनी, विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले हे मान्य करण्यात आले, आणि 'मानवी चूक' हे शब्द पुढे आले. विमान पडले आणि विमान पाडले, या दोन वाक्यांत मराठीत एका कान्याचा फरक आहे. त्या एका कान्यात कर्ता उभा असतो. तो लिहिला नाही तर १७६ घरांचे दुःख नुसते घडून गेलेले ठरते. जो विद्यार्थी 'क्रॅश्ड' आणि 'शॉट डाउन' यांतील भेद शिकतो, तो दोन शब्दांपेक्षा पुष्कळ अधिक काही शिकतो.

पुस्तिकेच्या रचनेविषयी दोन शब्द. संग्राहकाने शब्द वर्णानुक्रमाने न देता प्रसंगानुक्रमाने दिले आहेत: टक्कर होण्यापूर्वीचे, म्हणजे घसरणे, वळविणे, ब्रेक दाबणे, प्रत्यक्ष टकरीचे, जखमांचे, आणि शेवटी पोलीस, विमा व न्यायालय यांचे. ही योजना मला पसंत आहे, कारण सोलून निघालेल्या कोपराने मनुष्य वर्णमाला आठवीत नाही. प्रत्येक क्रियापदापुढे त्याचे शब्दयोगी सोबती दिले आहेत, हेही योग्यच. 'क्रॅश'ला 'इंटू' लागते, 'कोलाइड'ला 'विथ' लागते, आणि फारसीच्या सवयीने सर्वत्र 'विथ' लावीत सुटणारा विद्यार्थी झाडावर आदळण्याऐवजी झाडासमवेत आदळतो. माझी सूचना एवढीच होती, की प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एक साधे, उघड कर्त्याचे वाक्य असावे. ती संग्राहकाने मान्य केली. त्या सूचनेचे मूळ विमा कचेरीच्या बाहेरच्या त्या बाकावर आहे.

माझे निष्पक्षपाती वाक्य त्या तरुणाने तीनदा वाचले, पण सही केली नाही. मी कारण विचारले तेव्हा तो संकोचाने म्हणाला, "ओस्ताद, रिक्षा थांबलेली होती. मी मागे वळून पाहत होतो. मीच जाऊन आदळलो." दोन्ही वस्तू चालत्या असल्याखेरीज त्यांचे 'कोलिजन' होत नाही, असा इंग्रजी वृत्तपत्रीय लेखनाचा जुना दंडक होता, तो मला तोंडपाठ होता, मी वर्गात तो दर वर्षी सांगत असे. कारकुनाने ज्यास कबुलीजबाब म्हटले आणि मी ज्यास चूक म्हटले, ते व्याकरणाने अशुद्ध असलेले त्याचे वाक्य खरे होते, आणि माझे शुद्ध वाक्य खोटे होते. आम्ही तिसरा कागद मागून घेतला. त्यावर त्याने लिहिले, 'आय हिट ए पार्क्ड रिक्षा', आणि खाली सही केली. टकरीच्या प्रकरणातील पहिले वाक्य हेच आहे.